बाराव्या दिवसाचा चुडा

५ जून २००५

नवरा गेल्यावर बाई विधवा कधी होते? शालनताईंनी काल विचारलं, "तुमच्यात कसं असतं गं? लगेच, का ते चार महिने दहा दिवस घरात बसून झाल्यावर?" मी म्हणाले, विचारून सांगते. आज दिवसभर डोक्यात तेच आहे. अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली. गुरुवार पेठेत, आमच्या गल्लीत, अम्मा त्याच दिवशी विधवा झाली. लक्ष्मी रस्ता ओलांडून नारायण पेठेत गेली, की ती अजून विधवा झालेली नाही.

ही वही शालनताईंनी दिली. म्हणाल्या, लिहायचं असेल तर नेमाने लिही आणि स्वतःशी खोटं लिहू नकोस. त्या कादंबऱ्या लिहितात. आमच्या कंपनीत मोबाईलच्या पडद्यावरचे इंग्रजी शब्द मराठीत करायचं काम चालतं, त्यासाठी सल्लागार म्हणून आठवड्यातून एकदा येतात. पहिल्या दिवशी माझं काम बघून त्यांनी विचारलं, "मेहरून मणेर. म्हणजे मुसलमान का? अजिबात वाटत नाही. किती स्वच्छ मराठी आहे तुझं." मला फार बरं वाटलं. घरी येऊन अम्माला सांगितलं तर ती म्हणाली, "तो क्या, गंदा रहना था?"

अम्माला अशा गोष्टी कळत नाहीत. ती शाळेत गेलेली नाही. आमच्या घरात पदवीधर झालेली मी पहिलीच.

१८ जून

शालनताईंच्या नव्या कादंबरीची नायिका मुसलमान आहे. पहिली पाच प्रकरणं त्यांनी मला चुका काढायला दिली होती. बऱ्याच काढल्या. नायिका सकाळी दहाला नमाज पढते. दहाला पाचांतली कुठलीच नमाज नसते. घरात रोज बिर्याणी. आमच्याकडे रोज आमटी-भात असतो. नवरा फोनवरून तलाक देतो, सासरा मारतो, आणि शेजारचा एक भला मुलगा तिला लपून वाचायला शिकवतो.

मी भीत भीत म्हणाले, "ताई, अशी बाई मला माहीत नाही."

त्या हसल्या. "मला तरी कुठे माहीत आहे? म्हणून तर तुला बसवलंय. तू सांग ना, माहीत असलेली."

बसमध्ये मी ठरवून टाकलं. मराठी कादंबरीत एक तरी नमाज पढणारी बाई अशी यायला हवी, जिला वाचवायला कुणी यावं लागत नाही. मी एम.ए. करू शकले नाही, पण हे करू शकते.

२ जुलै

आज सांगितलं. सगळं.

अम्मा बांगड्या भरते. तिची आई भरायची, तिची आजी भरायची. पेठांमधली बारा-तेरा घरं तिची ठरलेली आहेत. श्रावणात, संक्रांतीला आणि लग्नाचा चुडा भरायला तिलाच बोलावतात. नारायण पेठेतल्या सुलभाकाकूंकडे कडक रीत आहे. नवरीचा चुडा सवाष्णीच्याच हातून भरायचा, मग ती कुठल्या का जातीची असेना. चुडा भरून झाला की काकू अम्माची खणानारळाने ओटी भरतात, नवरी अम्माला वाकून नमस्कार करते. अम्मा हळद लावून घेते, कुंकू कपाळाऐवजी मनगटाला लावून घेते.

अब्बा कात्रजहून दुधाचा टेम्पो चालवायचे. २००३ च्या एप्रिलमध्ये टेम्पोतच गेले. काकूंच्या मोठ्या मुलीचं, श्रद्धाचं लग्न त्याच महिन्यात होतं. अम्माला डिसेंबरातच सांगून ठेवलेलं होतं. इद्दतीत, म्हणजे त्या चार महिने दहा दिवसांत, बाईने उंबरा ओलांडायचा नाही, दागिना घालायचा नाही. अम्मा अकरा दिवस बसली. बाराव्या दिवशी सकाळी तिने उतरवलेली काळी पोत पुन्हा गळ्यात घातली, हातात हिरव्या बांगड्या चढवल्या, बुरख्याआड सगळं झाकून मागच्या बोळाने निघाली. अब्बांच्या धाकट्या भावाला, कासमचाचांना, मी सांगितलं, दवाखान्यात गेलीय. श्रद्धाचा चुडा अम्मानेच भरला. तेव्हापासून पेठांमध्ये अब्बा जिवंत आहेत. त्यांना अर्धांगाचा झटका आलाय आणि ते साताऱ्याला थोरल्या भावाकडे असतात. अम्मा आमच्या बोळाच्या तोंडाशी बांगड्या चढवते आणि तिथेच उतरवते.

नाहीतर सगळी घरं गेली असती. माझं कॉलेजचं शेवटचं वर्षही.

मी हेही सांगितलं की त्या दिवशी परत आल्यावर, ओटीत मिळालेला खण जमिनीवर अंथरून अम्मा त्यावर किती तरी वेळ वाकलेली होती. चुकलेली नमाज पढत होती. मी दारातून पाहिलं होतं. मला वाटतं, अल्लावरची श्रद्धा ती हीच.

शालनताई मान हलवत ऐकत होत्या. टेप चालू होता. मध्येच खट् वाजलं. "थांब हं," म्हणाल्या, "बाजू बदलते."

माझं इतकं मन लावून आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

४ जुलै

प्रज्ञेश माझ्या शेजारच्या टेबलावर असतो. येरवड्याच्या दलित वस्तीत राहतो. डब्याच्या वेळी मी त्याला कादंबरीबद्दल सांगितलं, आमच्या घरातलं सोडून.

तो म्हणाला, "चांगलंय. आमच्या आज्यांची दुःखं पुस्तकांत नेऊन संपली वाटतं. आता तुमच्याकडे सुरुवात."

"तू फार कडवट बोलतोस."

"कारल्याची भाजी आहे," तो डबा दाखवत म्हणाला. "घे."

त्याला वाचनाची आवड नाही. मी विषय वाढवला नाही.

२३ जुलै

शालनताईंना अम्माला बघायचं होतं. म्हणाल्या, "बांगड्या भरायला म्हणूनच घेऊन ये. आणि मला काही माहीत आहे हे तिला कळू देऊ नकोस, नाहीतर ती मोकळी होणार नाही." मला ते पटलं. आज दोघी कोथरूडला त्यांच्या फ्लॅटवर गेलो.

अम्माने त्यांचा हात हातात घेतला, बोटं जुळवून दाबून पाहिली. "दोन-सहाच्या मापाचा हात आहे ताई आपला. मऊ आहे. त्रास नाही व्हायचा."

अम्मा पेठेतल्या घरांत बोलते ते मराठी मी फार दिवसांनी ऐकलं. ळ आणि ण माझ्यापेक्षा स्पष्ट.

"यजमान काय करतात आपले?" शालनताईंनी विचारलं.

"साताऱ्याला असतात. अर्धांगाचा झटका आला ना. तिकडची हवा मानवते."

"अरेरे. बोलतात का?"

"थोडं. मला ओळखतात."

"जेवायला काय देतात हो अशा माणसाला?"

"पेज. कधी दूधभात."

"भरवावं लागत असेल."

"जाऊबाई भरवतात."

"आणि तुमची आठवण काढत असतील."

अम्माचा हात थांबला. "काढत असतील," ती म्हणाली. पुढची बांगडी चढवताना तडकली. अम्मा कधी फुटली म्हणत नाही. "वाढली," म्हणाली आणि तुकडे पदरात घेतले.

शालनताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्ही निघताना त्यांनी माझा खांदा दाबला. कुणासाठी तरी इतकं वाटणारी माणसं थोडीच असतात.

जिन्यात अम्मा म्हणाली, "ये बाई भोत पूछती गे. इसका कोई मरा हय क्या?"

१५ ऑक्टोबर

रमजान चालू आहे. शनिवारची सुटी, म्हणून प्रुफं वाचायला शालनताईंकडे गेले. नायिकेची अम्मा आता पुस्तकाचा गाभा झाली आहे. तिचं नाव जैबुन. चौदावं प्रकरण तिचंच. बारावा दिवस, मागचा बोळ, बुरख्याखालच्या बांगड्या, सगळं. साताऱ्याचं कराड केलंय. पेठ नारायणच ठेवलीय. तडकलेली बांगडीसुद्धा आहे.

मी ओळीखाली बोट धरून वाचत गेले. मग शेवटचा परिच्छेद आला. जैबुन घरी येते, आरशात आपले भरलेले हात बघते आणि बारा दिवसांत पहिल्यांदा हसते. नमाज नाहीच. खणही नुसताच "एक खण", कोपऱ्यात टाकून दिलेला.

मी म्हणाले, "ताई, हे असं नव्हतं. ती हसली नव्हती. नमाज पढत होती, मी सांगितलं होतं तुम्हाला."

"अगं, पण ती सुटलीय ना त्या सगळ्यातून. परत नमाजेला बसवली, तर वाचकाला वाटेल काहीच घडलं नाही."

"घडलं ते हेच की. ती दोन्हीकडे खोटं बोलली, फक्त नमाजेत नाही."

त्यांनी पेन उचललं. "बरं," म्हणाल्या, "टाकते तुझी नमाज. पण मग तपशील दे. खण कसला होता?"

मी बसून सगळं लिहून दिलं. जांभळा इरकली खण, बारीक मोरपंखी काठ, काठाजवळ ओटी भरताना लागलेला हळदीचा बोटभर डाग. तो डाग सजद्यात, माथा टेकताना, अम्माच्या कपाळाखाली येत होता. शालनताईंनी एक अक्षर न बदलता घेतलं.

निघताना मी म्हणाले, "पेठेचं नाव बदलायचं का? कुणी ओळखलं तर?"

"कोण ओळखणार? पुण्यात काय एकच बांगडीवाली आहे? आणि चेहरा बघ किती सुकलाय तुझा. पाणी तरी घे, मी कुणाला सांगत नाही."

मी पाणी घेतलं नाही. पण फार हलकं वाटत होतं. मी वाद घालून एक खरी गोष्ट पुस्तकात घालायला लावली होती.

१७ डिसेंबर

प्रकाशन झालं. सभागृह भरलं होतं, बहुतेक बायका, पेठांतल्या आणि कोथरूडच्या. आभारात माझं नाव छापलंय. शालनताई भाषणात म्हणाल्या, "ज्या घराने मला जैबुन दिली, त्या घरातली लेक आज इथे आहे. मेहरून, वर ये." मी वर गेले. टाळ्या बराच वेळ चालल्या. एका वर्तमानपत्रवाल्याने फोटो काढला, नाव विचारून घेतलं.

अम्मा आली नव्हती. तिला शनिवार पेठेत एक चुडा होता. बरंच झालं, ती अवघडली असती.

८ जानेवारी २००६

सुलभाकाकूंच्या धाकट्या मुलीचं, सृष्टीचं लग्न आहे. आज चुडा होता. रविवार म्हणून बांगड्यांची पेटी धरायला मी बरोबर गेले.

दार काकूंनीच उघडलं. "जुलेखाबाई, चपला काढू नका."

अम्माला वाटलं, आत ओलं आहे. ती हसून थांबली.

"यजमान कसे आहेत आपले?"

"बरे आहेत काकू. पेज घेतात."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी बोलले नाही.

"हो का," काकू म्हणाल्या. "मग माझ्या श्रद्धाच्या लग्नाआधी बारा दिवस पुरलात ते कोण?"

अम्माने माझ्याकडे पाहिलं नाही. पेटीवरचं कापड नीट केलं.

"जांभळा इरकली खण मी स्वतः आणला होता, तुळशीबागेतून. हळदीचं बोट माझंच. ते वाचलं आणि मग पुढचं काही वाचायची गरज उरली नाही. दीड वर्षात मुलगी परत आली माझी. मी गुरुजींना दोष देत होते, पत्रिका नीट पाहिली नाही म्हणून." काकूंचा आवाज चढला नव्हता. जिन्याखालच्या बिऱ्हाडाला ऐकू जाणार नाही, असाच होता. "तुमच्या धर्माबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण आमचाही असतो, बाई."

मग त्यांनी पुस्तक पुढे केलं. "हे घ्या. लेकीचं नाव छापलंय आत. कौतुक असेल."

आतून श्रद्धा म्हणाली, "आई, दार लाव. वारं येतंय."

येताना अम्मा मंडईत शिरली. मग भाजी घेतली. मेथीची जुडी परत देऊन दुसरी मागितली, नेहमीसारखी.

९ जानेवारी

अम्मा म्हणाली, "पढ."

मी चौदावं प्रकरण वाचलं. तिला मराठी वाचता येत नाही, कळतं सगळं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. मी चुकून वेगाने वाचायला लागले की म्हणायची, "हळू." साताऱ्याचं कराड झालं तिथे तिने विचारलं, "कराड कायकू? मेरा बडा दीर सातारे में रहता."

नमाजेपाशी मी थोडं थांबून वाचलं. मला वाटत होतं, एवढं तरी तिला आवडेल.

"ये कोन बोला?"

"मी. मी पाहिलं होतं तुला. खणावर वाकलेलं."

"चावल चुनती थी मैं," अम्मा म्हणाली. "ओटी के चावल में खडे थे."

मी पुस्तक मिटलं.

"नमाज नईं पढी उस दिन. दूसरे दिन बी नईं. मेरेकू अच्छा लगा था गे. ग्यारा दिन उस खोली में बैठी थी, तेरे अब्बा की चप्पल सामने रख को गये थे लोगां. बाहर निकली, धूप थी, उस पोरी का हात नरम था, उनो चाय दिये. घर को आई, आईने में देखी, हँसी बी. फिर बोली, अल्ला माफ कर." तिने पदर सारखा केला. "मेरा उत्ताच एक दिन था. किसीकू नईं बोली थी. वो बी तू ले ली, और बदल को दी."

मी म्हणाले, मला तुझा मान वाढवायचा होता.

"हौ," अम्मा म्हणाली. "उठ, भात देख, लगता."

१३ जानेवारी

ऑफिसात जेवले नाही. प्रज्ञेशने नुसता डबा सरकवला. शनिवार पेठ, सदाशिव पेठ, दोन्हीकडून निरोप आले. एकीने सांगितलं, यंदा मुलीला काचेच्या बांगड्याच नको आहेत. एकीने काहीच कारण दिलं नाही.

शालनताईंना फोन केला. त्या खूप हळहळल्या. म्हणाल्या, "हेच, हेच लिहायचं होतं मला. समाज कसा आहे बघ." मग म्हणाल्या, "त्या बाई नेमकं काय म्हणाल्या? शब्द आठवतात?"

आठवत होते. मी सांगितले नाहीत. नेटवर्क गेलं म्हणाले.

२२ जानेवारी

कासमचाचांनी फोटो वर्तमानपत्रात पाहिला होता. नंतर कुणीतरी त्यांना पुस्तक दिलं. आज जमातीतले दोघे बुजुर्ग घेऊन आले. अम्मा पडद्याआड बसली होती. चाचा म्हणाले, "हात बाहेर काढ, भाबी." अम्माने पडद्यातून दोन्ही हात बाहेर काढले. रिकामे होते. तरीही त्यांनी नीट पाहिले.

बुजुर्गांनी सांगितलं, इद्दत मोडली, वर पावणेतीन वर्षं मोहल्ल्याशी खोटं. एक बुजुर्ग म्हणाले, जमातीतून नाव काढायचं. मेल्यावर खांदा द्यायला कुणी येणार नाही, अब्बांच्या शेजारची जागाही नाही. अम्मा पडद्याआड हलली नाही. मी म्हणाले, पोट होतं, फी होती. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

तेव्हा चाचांनी पुस्तक उघडलं. खुणेला बसचं तिकीट घातलं होतं. त्यांनी नमाजेचा परिच्छेद मोठ्याने वाचला. जांभळा खण, हळदीचा डाग, सजदा. मी लिहिलेला शब्द न् शब्द. दोघे बुजुर्ग मान खाली घालून ऐकत होते.

"गुनाह किया," चाचा म्हणाले, "मगर घर आते ही सजदे में गिरी. बाहरवाली बाई ने छापा है, हमने नहीं. झूट कायकू छापेगी?"

नाव राहिलं. अट अशी की अम्माने आता पेठांमध्ये जायचं नाही, आणि मोहल्ल्यातल्या मुलींना दुपारी नमाज शिकवायची. असा सजदा सगळ्यांना यायला हवा, असं बुजुर्ग म्हणाले.

ते गेल्यावर अम्मा पडद्यामागून बाहेर आली. म्हणाली, "चाय बी नईं पिये." कप तसेच होते. तिने ते परत भांड्यात ओतले.

१२ फेब्रुवारी

अम्मा दुपारी सहा मुलींना शिकवते. मुलीच सांगत होत्या, खाला, म्हणजे अम्मा, सजद्यात खूप वेळ राहते. मी एकदा दारातून पाहिलं. आता मला कळत नाही, मी काय पाहते.

बांगड्यांची पेटी तिने माळ्यावर ठेवली. माझ्याशी बोलते. भाजी काय करायची, पाणी आलं का, एवढं.

५ मार्च

काल शालनताईंचा फोन आला. दुसरी आवृत्ती निघतेय. परीक्षणं चांगली आहेत, पण दोघातिघांनी लिहिलंय की चौदाव्या प्रकरणातली नमाज चिकटवलेली वाटते. "मला आधीपासून तेच वाटत होतं," त्या म्हणाल्या. "ती हसते, तिथेच संपायला हवं. जुना परिच्छेद परत घालते. तुझी हरकत नाही ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. अम्मा समोरच तांदूळ निवडत होती.

"मेहरून, एक खरं सांग. पढली होती का ती त्या दिवशी?"

हो म्हटलं तर अम्माचं नाव जमातीत राहणार होतं. नाही म्हटलं असतं, तर तिचा तो दिवस तिला परत मिळाला असता, छापून, सगळ्या पुण्यासमोर. तिला विचारायला हवं होतं. ती तीन हातांवर होती.

"पढली होती," मी म्हणाले. "मी डोळ्यांनी पाहिलं."

"मग राहू दे," शालनताई म्हणाल्या. "खरं असेल तर प्रश्नच नाही."

अम्माने विचारलं, कोण होतं. मी म्हणाले, ऑफिसचं. तिने मान हलवली आणि सुपात तांदूळ पाखडायला घेतले.

आज सकाळी त्यांचा निरोप आला. परिच्छेद आहे तसा ठेवून पुस्तक छपाईला गेलं.